शेजाऱ्याच्या स्पीकरमध्ये हॅमचा आवाज: दोष कुणाचा, खर्च कुणाचा?

तांब्याची तार (पुणे)

हॅम मंडळींच्या (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांच्या) गप्पांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: "माझं स्टेशन नियमात आहे, शेजाऱ्याचा स्पीकरच भिकार आहे, त्याला मी काय करू?" मला हे अजिबात पटत नाही. का ते लिहिते. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर भांडावं.

परवाना आहे आणि फ्रिक्वेन्सी बरोबर आहे, एवढ्यावर आपण स्टेशन निर्दोष धरतो. पण इमारतीत त्रास देणारं आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) बऱ्याचदा अँटेनातून आकाशात गेलेलं नसतंच, ते कोॲक्सच्या (सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून उलटं घरात आलेलं असतं. डायपोलच्या (मध्यात जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाच्या) मध्यावर बालुन (प्रवाह जाळीवर उतरू न देणारा जोड) नसेल तर जाळीची बाहेरची बाजू ही अँटेनाची तिसरी तार होऊन बसते. आणि ही तार गच्चीवरून डक्टमधून खाली येते, डीटीएच, इंटरनेट आणि इंटरकॉमच्या वायरींना खेटून! एंड-फेडमध्ये (एका टोकाला जोडलेल्या तारेच्या अँटेनात) तर हे आणखी जास्त. तिथे ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर असतो, पण परतीच्या प्रवाहाला वेगळी तार दिली नसेल तर ते काम कोॲक्सच करते. रिगच्या (रेडिओ सेटच्या) धातूला हात लावला की एसडब्ल्यूआरचा (अँटेना किती जुळली आहे ते दाखवणारा) काटा हलतो, बोलताना मायक्रोफोनची जाळी ओठाला चावते, ही त्याचीच लक्षणं.

यावर उपाय आहे चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरून वाहणारं आरएफ अडवणारं वेटोळं. २.४ इंची फेराइट रिंग, ३१ नंबरचं मिश्रण, तिच्यावर बारीक कोॲक्सचे दहा-बारा वेढे. एक चोक अँटेनाच्या फीड पॉइंटला, दुसरा कोॲक्स घरात शिरते तिथे. जुन्या व्हीजीए केबलवरचा गोळा कोॲक्सवर चढवून समाधान मानणारे पुष्कळ आहेत, पण ७ मेगाहर्ट्झला त्या एका गोळ्याने जवळपास काही होत नाही. रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकाच्या जागी पाच वेढे दिले की साधारण पंचवीसपट.

मग पॉवर. १०० वॅट, साधा डायपोल, १४ मेगाहर्ट्झ. दहा मीटरवरच्या शेजाऱ्याच्या खिडकीत सूत्राने सुमारे ७ व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र येतं. घरगुती उपकरणांच्या सहनशक्तीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८० मेगाहर्ट्झच्या वर ३ व्होल्ट प्रति मीटर धरतात, त्याखाली वायरीतून ३ व्होल्ट सोडून बघतात. म्हणजे शेजाऱ्याने उत्तम स्पीकर आणला तरी आपण त्याच्या परीक्षेबाहेरचा पेपर देतोय. २५ वॅटवर आलं की तेच क्षेत्र निम्मं होतं आणि पलीकडच्या माणसाच्या मीटरवर फरक पडतो एका एस-युनिटचा (सिग्नलची ताकद मोजायची पायरी). एस ९ चा एस ८. एवढ्यासाठी शेजार तोडायचा?

आधी आपल्याच घरातला टीव्ही, स्पीकर, वायफाय १०० वॅटवर शांत राहतो का ते बघा. तो शांत असेल तरच शेजाऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या उपकरणाबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला आहे.

कोकणकडा (नाशिक)

ताई, चोकबद्दल वाद नाही. वाद आहे तो अधिकाराच्या भाषेबद्दल.

'हानिकारक हस्तक्षेप' याची आंतरराष्ट्रीय नियमांतली व्याख्या रेडिओ सेवांपुरती आहे. माझ्यामुळे विमानतळाच्या किंवा पोलिसांच्या संदेशवहनात अडथळा आला तर मी तात्काळ सेट बंद करायला बांधील आहे, आणि करेनही. पण ब्लूटूथ स्पीकरची लांब वायर आणि आतला स्वस्तातला ॲम्प्लिफायर ही काही रेडिओ सेवा नव्हे. त्यातल्या ट्रान्झिस्टरचं जंक्शन डिटेक्टरसारखं (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागासारखं) वागतं आणि माझा आवाज बाहेर पडतो. माझा सिग्नल तिथे जसा असायला हवा तसाच आहे. चूक त्या कारखान्याची आहे, ज्याने एक कपॅसिटर आणि एक फेराइटचा मणी वाचवला.

आपण गुपचूप फेराइट वाटत राहिलो तर त्या कारखान्यापर्यंत तक्रार कधी पोचणार? शेजारी म्हणणार, "हॅमवाल्याने खराब केलं, त्यानेच दुरुस्त केलं."

आता उलट बाजू बघा. एलईडी दिवे, मोबाइलचे स्वस्त चार्जर, गच्चीवरचे सोलर इन्व्हर्टर. माझ्याकडे संध्याकाळी ४० मीटरच्या पट्ट्यावर (७ मेगाहर्ट्झ) गोंगाट एस ७ च्या खाली उतरतच नाही. आपल्या चार्जरमुळे मला ऐकू येत नाही म्हणून कुणी तो बदलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. जबाबदारी एकतर्फी कशी?

निवृत्त तंत्रज्ञ (मुंबई)

दोघांच्या मध्ये थोडी भर घालतो, कारण या वादात दोन वेगळे आजार एक होताहेत.

दूरदर्शनच्या जमान्यात हॅमची मोठी डोकेदुखी होती हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी पडणारा नको असलेला सिग्नल. २१ मेगाहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक ६३ ते ६४.३५ मध्ये पडतो आणि बँड एकची चौथी वाहिनी ६१ ते ६८ मध्ये. चित्रावर तिरके पट्टे दिसत. तिथे दोष खरोखर आपल्या ट्रान्समीटरचा होता आणि लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं अडवणारा) हाच इलाज होता. आज टीव्ही डीटीएचवर किंवा केबलवर आहे, तरी लोक सवयीने "लो-पास लाव" हाच सल्ला देतात. १४.२ मेगाहर्ट्झचा मूळ सिग्नलच स्पीकरमध्ये शिरत असेल तर लो-पास त्याला काय अडवणार? तो तर १४.२ जाऊ देण्यासाठीच बनवलेला.

स्पीकरच्या तक्रारीत एक साधी तपासणी करा. आवाजाची खुंटी शून्यावर न्या. तरीही बडबड ऐकू येत असेल तर आरएफ खुंटीच्या पुढून शिरतंय, बहुधा स्पीकरच्या वायरीतून. फेराइट तिथेच लावायचं. खुंटीबरोबर बडबड कमी झाली तर ते इनपुटच्या वायरीतून किंवा आधीच्या टप्प्यातून येतंय. आणि एसएसबीवर (हॅम मंडळींच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) बोललेलं शेजाऱ्याला फाटकं, न कळणारं ऐकू येतं. "कुणीतरी भांडतंय" अशी तक्रार आली तर तुमचंच बोलणं असू शकतं, हे गृहीत धरा.

अर्थिंगबद्दलही बोलतो. "अर्थिंग नीट कर, सगळं थांबेल" हे मी आयुष्यभर ऐकलं. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेदहा मीटरच्या आसपास येते. तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली अर्थची तार नेमकी तेवढीच भरते, आणि तुमच्या टोकाकडून आरएफला ती जवळपास तुटलेल्या तारेसारखी दिसते. शॉक आणि वीज यांसाठी अर्थिंग हवंच. आरएफ घालवायला त्यावर विसंबू नका.

डी विंगचे सचिव (ठाणे)

मी हॅम नाही. आमच्या सोसायटीत एक आहेत, म्हणून हा धागा वाचतोय.

आमच्याकडे पाण्याचा पंप रात्री आपोआप चालू व्हायचा, टाकी भरून वाहायची. लेव्हल कंट्रोलर बदलला, सेन्सर बदलले, इलेक्ट्रिशियनवर ओरडून झालं. मग कुणीतरी गच्चीवरच्या तारेकडे बोट दाखवलं आणि सभेत रणकंदन झालं. "टॉवर काढा, रेडिएशन आहे" इथपर्यंत. ते गृहस्थ शांतपणे घरी गेले आणि वही घेऊन आले. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, किती वॅट, सगळं लिहिलेलं. पंप चालू झाल्याच्या वॉचमनच्या नोंदी शेजारी ठेवल्या. काही वेळा जुळल्या, काही नाही. जिथे जुळल्या तिथे ते स्वतः म्हणाले, "हे माझ्यामुळे आहे." टाकीपासून कंट्रोलरपर्यंतची सेन्सरची लांब वायर अँटेनासारखी वागत होती म्हणे. कंट्रोलरच्या तोंडाशी रिंग बसवली, तार थोडी सरकवली. उरलेल्या वेळांचं कारण फ्लोट अडकणं हे निघालं.

त्या वहीमुळे त्यांची गच्चीची परवानगी टिकली. व्याख्या सभेत कुणी ऐकून घेतली नसती, कोकणकडा साहेब.

पण तार ताई, तुमच्याशीही माझा एक मतभेद आहे. तुम्ही म्हणता आधी आपलं घर तपासा, मग शेजाऱ्याकडे जा. मी म्हणतो पहिल्या दिवशीच सांगा. तार बांधायच्या आधी कमिटीला पत्र द्या: मी हे करतोय, कुणाला काही जाणवलं तर हा माझा फोन. लोक चिडतात ते लपवल्यामुळे.

लघुलहरी (कोल्हापूर)

पॉवर कमी करण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. २००१ मध्ये भुजला फोन बंद पडले तेव्हा हॅम स्टेशनांवरून निरोप गेले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून तसंच झालं. ज्या स्टेशनवर एरवी २५ वॅटच्या वर जायची भीती बसली आहे, ते ऐनवेळी १०० वॅटवर नीट चालेल याची खात्री काय? स्टेशन पूर्ण ताकदीने चालवून तपासलेलंच असलं पाहिजे. शेजाऱ्याच्या स्पीकरसाठी आपण सगळे गप्प बसायला शिकलो तर वेळ येईल तेव्हा गप्पच राहू.

तांब्याची तार (पुणे)

लघुलहरी दादा, पूर्ण ताकदीने तपासा, नक्की तपासा. दिवसा, सांगून, शेजाऱ्याला फोनवर ठेवून. माझा आक्षेप आहे तो रात्री दहा वाजता मित्राशी गप्पा मारताना १०० वॅट लागतात या समजुतीला. आणि आपत्तीत स्टेशन बॅटरीवर चालवावं लागतं. तिथे कमी पॉवरवर काम काढण्याचा सराव असलेला माणूस जास्त वेळ टिकतो. भुज-अंदमानचं नाव घेऊन शेजारणीच्या देवघरातल्या मंत्राच्या डबीतली खरखर समर्थनीय ठरत नाही. त्या कामाचा मान मला फार आहे, म्हणूनच ते ढालीसारखं पुढे केलेलं मला सहन होत नाही.

सचिव साहेब, तुमचं म्हणणं मला पटलं. पत्र आधी, तार नंतर.

कोकणकडा दादा, कारखान्याचा दोष आहेच. पण कारखाना शेजारी राहत नाही. शेजारी राहते ती बाई, जिने दुकानात मिळाला तो स्पीकर घेतला. व्याख्येत आपण जिंकू आणि गच्ची गमावू.

कोकणकडा (नाशिक)

गच्ची गमावण्याच्या भीतीने तत्त्व सोडायचं, हे मला मान्य नाही. सचिव साहेबांच्या इमारतीतल्या गृहस्थांनी जे केलं ते मीही करेन: वही, वेळा, मदत. पण मदत आणि कबुली यात मी फरक करतो. पंपाच्या कंट्रोलरला मी रिंग बसवून देईन आणि कमिटीला लेखी कळवेन की या कंट्रोलरच्या बनावटीत ही त्रुटी आहे, उत्पादकाकडे तक्रार करा, मी मसुदा लिहून देतो. हे पत्र आपल्यापैकी कोण लिहितं? चोकचे फोटो सगळे टाकतात, उत्पादकाला लिहिलेलं पत्र कुणी दाखवलेलं नाही.

नवखा (डोंबिवली)

नुकताच परवाना मिळालाय. गच्चीची परवानगी नाही, बाल्कनीतून समोरच्या झाडाकडे एंड-फेड तार टाकायचा विचार आहे. वरचं वाचून धास्ती बसली. आधी काय करू?

निवृत्त तंत्रज्ञ (मुंबई)

धास्ती कशाला, सुरुवातच नीट होतेय. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थच्या बाजूला साधारण दोन मीटरची सुटी तार जोड, ४० मीटरच्या पट्ट्याला ती परतीच्या प्रवाहासाठी पुरते. ती बाल्कनीच्या लोखंडी कठड्याला टेकू देऊ नकोस. लगेच पुढे कोॲक्सवर चोक, आणि घरात रिगपाशी दुसरा. तारेचं जवळचं टोक भिंतीतल्या वायरिंगपासून जितकं लांब नेता येईल तितकं ने. तारेच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, म्हणून ती टोकं कुणाचा हात पोचेल अशा जागी ठेवू नकोस. बॅटरीवर ५ वॅटने सुरू कर. बॅटरीवर शांत आणि पॉवर सप्लायवर गडबड असेल तर वाट विजेच्या वायरिंगमधून आहे, मग सप्लायच्या दोन्ही वायरी एकत्र रिंगमधून फिरव. रिंगा लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण मिश्रणाचा नंबर विचारून घे. नुसतं "फेराइट द्या" म्हटलंस तर हाताला येईल ते देतील.

आणि एलईडीचं कोकणकडाने लिहिलंय ते खरं आहे. आधी स्वतःच्या घरातला मेन स्विच बंद करून बॅटरीवर नुसतं ऐक. गोंगाट किती कमी झाला ते लिहून ठेव. शेजाऱ्याचे चार्जर मोजण्याआधी तो आकडा तुझ्याकडे हवा.

कोकणकडा (नाशिक)

नवख्या, एंड-फेडसाठी दोन रिंगा माझ्याकडे पडून आहेत, पत्ता कळव, पाठवतो. शेजाऱ्याच्या स्पीकरला लागतील त्या मात्र त्याच्या बिलात. तिथे ताई आणि मी वेगळेच राहू.