काखेत दोरी ताणल्यासारखं होतंय, हात वर जात नाही

मीनल_सातारा:
डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. काखेतल्या गाठीही काढल्या. नळी निघाली, टाके कोरडे आहेत. पण हात वर न्यायला लागले की काखेपासून कोपरापर्यंत आतून दोरी ओढल्यासारखं होतं. हात बाजूला लांब केला तर कातडीखाली ती दोरी चक्क दिसते. वेणी घालता येत नाही, वाळत घातलेले कपडे हे काढतात. घरी सोडताना "हात जपा" एवढंच सांगितलं, म्हणून महिनाभर हात पोटाशी धरूनच वावरले. सासूबाई गरम पाण्याची पिशवी ठेव म्हणतात. पंधरा दिवसांनी रेडिएशनच्या मापाला (किरण कुठे द्यायचे ते आखायला) बोलावलंय. आतलं काही तुटलं असेल का?

शुभा_कोल्हापूर:
मीनलताई, तुटलेलं काही नसणार. मलाही हेच झालं होतं, दोरी थेट मनगटापर्यंत. फिजिओ याला कॉर्डिंग म्हणतात. बहुतेकींचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सैल होतं. पण हात पोटाशी धरून बसलात तर खांदाच आखडतो, आणि ते दुखणं जास्त चिवट.

पिशवी अजिबात ठेवू नका. दंडाची आतली बाजू बधीर असते, चटका बसला तरी कळत नाही. माझ्या तिथे फोड आला होता.

फिजिओने माझी कातडी हलक्या हाताने ताणून दोरी मोकळी केली. एकदा आत 'टक' झालं, मी घाबरले, पण हात लगेच चार बोटं वर गेला. घरी उताणं पडून दोन्ही हातांत छत्री आडवी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात हळूहळू डोक्याकडे न्यायचा. भिंतीवर बोटं चालवत वर जायचं, पोचाल तिथे पेन्सिलने रेघ मारायची. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. ताण जाणवला तर चालतो, कळ आली की थांबायचं.

आणि मापाची वाट बघू नका. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्याच्या वर नेऊन न हलता पडावं लागतं. आजच फोन करून सांगा.

अनुप_फिजिओ:
शुभाताईंशी सहमत. पण एकदा सर्जनना आणि फिजिओला हात दाखवाच. हात सुजला, लाल झाला, ताप आला किंवा पाठीतलं खांद्याचं पातं बाहेर आल्यासारखं वाटलं तर लगेच. व्यायामाने हात सुजेल ही भीती बऱ्याच जणींना असते. ब्रिटनमध्ये 17 केंद्रांत 392 स्त्रियांवर प्रॉस्पर नावाची चाचणी झाली, ती 2021 मध्ये छापून आली. ऑपरेशननंतर 7 ते 10 दिवसांतच फिजिओने व्यायाम सुरू करून दिलेल्यांचा हात वर्षाअखेर जास्त चांगला चालत होता, दुखणंही कमी होतं, आणि सूज वाढलेली दिसली नाही.

मीनल_सातारा:
सोळा दिवसांनी लिहितेय. फिजिओकडे चार वेळा जाऊन आले. भिंतीवरची रेघ वीतभर वर सरकली. काल माप झालं, हात वर राहिला, शेवटी थरथरत होता. आता रेडिएशनचा शेक सुरू झाल्यावर व्यायाम बंद ठेवायचे का?

शुभा_कोल्हापूर:
नाही हो. कातडी सोलवटली तर डॉक्टरांना विचारून कमी करा, पण हात हलता ठेवा. मी शेक संपल्यावर सोडून दिले आणि तीन महिन्यांनी छातीकडचा भाग पुन्हा आवळला. भिंतीवरच्या रेघा पुसू नका.