वाचल्याशिवाय सही नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांना विचारतं कोण, असं कुणी म्हणेल. शिक्षण हक्क कायदा, २००९ विचारतो. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालकच हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया.

अडचण त्यापुढची आहे. मी आमच्या गावच्या समितीत होते. सुरुवातीला सभा कधी झाली तेच कळायचं नाही, रजिस्टर सहीसाठी घरी यायचं. शेवटी आम्ही तिघींनी सांगितलं, मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचा, मगच सही. भांडलो नाही. वाचल्यावर लक्षात आलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही हे त्यात कधी लिहिलंच नव्हतं! त्याच सभेत ठराव लिहून घेतला, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रत देऊन पोच घेतली. नळ यायला आठ महिने लागले, पण आला.

शाळेचा विकास आराखडाही समितीनंच करायचा असतो (कलम २२). तुमच्या शाळेचा मागून बघाच. आणि सभा दुपारी, मजुरीच्या वेळेत ठेवू देऊ नका. आमच्याकडे संध्याकाळी ठेवल्यावर आया यायला लागल्या, बोलायलाही लागल्या.