मदत हवी आहे: मुलीची कंबरदुखी, एमआरआयमध्ये 'जन्मजात' दोष. थेट ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोलशेतला राहते. मुलगी २४ वर्षांची, नोकरी ऐरोलीला. दीड वर्ष झालं, तिची कंबर डावीकडे खाली एकाच जागी दुखते, अगदी बोट ठेवून दाखवते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभं राहून गेली की त्या दिवशी जास्त. मागे वाकली की कळ कुल्ल्यापर्यंत येते, गुडघ्याखाली जात नाही. मुंग्या, बधिरपणा नाही.

सुरुवातीला आम्ही सगळं खुर्चीवर आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवर ढकललं. बाम, शेक, पट्टा, नवी गादी झाली. साध्या एक्स-रेत काही नाही म्हणाले. गेल्या महिन्यात एमआरआय केला, त्यात आलं: एल-५ चं डावीकडे सॅक्रलायझेशन, कॅस्टेलवी टाइप २ए. मला समजलं ते असं, की कमरेच्या शेवटच्या मणक्याचा डावीकडचा पंखासारखा भाग जन्मतःच मोठा आहे आणि तो खालच्या त्रिकोणी हाडाला टेकून तिथे एक जादा सांधा झालाय.

एका सर्जननी रिपोर्ट बघितला आणि तिला तपासायच्या आधीच सांगितलं, तेवढं हाड काढून टाकू, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला पालथं झोपवून अर्धा तास तपासलं. ते म्हणाले, दिसतंय तेच दुखतंय हे अजून सिद्ध झालेलं नाही, आधी इंजेक्शन देऊन बघू. शिवाय हा एमआरआय फक्त कमरेचा असल्यामुळे हा नक्की कितवा मणका ते खात्रीने सांगता येत नाही, असंही म्हणाले. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. मणकाच नक्की नाही, मग पहिले डॉक्टर कापणार काय होते?

आणखी एक मनात आहे, ते लिहून टाकते. 'जन्मजात' हा शब्द वाचल्यापासून मला झोप नाही. नात्यातल्या एकीने विचारलं, गरोदरपणी फॉलिक अॅसिड घेतलं होतंस ना? तिचं लग्नाचंही बघतोय. माझ्या हातून काही राहिलं का?

कोणाच्या घरी हे झालंय का? इंजेक्शनने फरक पडला का? ऑपरेशन करावंच लागलं का?

प्रतिसाद १

काकू, मी वाशीत फिजिओथेरपिस्ट आहे. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमच्या हातून काहीही राहिलेलं नाही. फॉलिक अॅसिडचा संबंध बाळाच्या मज्जारज्जूची नळी नीट मिटण्याशी आहे, ती गोष्ट वेगळी. असा मणका असलेली पुष्कळ माणसं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही.

म्हणूनच दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. या जादा सांध्याने कंबर दुखते, हे मारिओ बर्टोलोटी या इटालियन डॉक्टरांनी १९१७ मध्ये मांडलं, त्यावरून याला बर्टोलोटी सिंड्रोम म्हणतात. पण दुखणं त्याच्या वरच्या डिस्कमधूनही येऊ शकतं, कारण खालचा मणका अडकल्यावर ताण वर जातो. हे ओळखायला सी-आर्मखाली (चालू एक्स-रे पडद्यावर दाखवणारं यंत्र) बघत त्याच सांध्यात भूल देणारं औषध आणि स्टिरॉइड सोडतात. भुलीचा असर आहे तोवर दुखणं जवळजवळ गेलं, तर दोषी तोच सांधा. काहीच फरक नाही पडला, तर ते हाड काढून कंबरदुखी थांबेल असं समजायला आधार नाही. स्टिरॉइडचा आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो, आणि व्यायाम बसवायचा तो त्याच काळात.

साध्या एक्स-रेत हे सहज निसटतं. एक्स-रेची नळी सुमारे ३० अंश वर झुकवून काढलेल्या फर्ग्युसन व्ह्यूमध्ये सांधा नीट दिसतो. मणके मात्र मानेपासून खाली मोजायचे, तशी पूर्ण मणक्याची इमेज मागा. कमरेचे मणके पाचाऐवजी चार किंवा सहा मोजले गेले तर सुरी भलत्याच जागी लागते.

तोवर पोट-कुल्ल्याचे स्नायू भक्कम करणारे व्यायाम करू द्या, मागे वाकायचे नकोत. पट्टा सतत नको. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत बधिर झालं, पाऊल उचलेना, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल.

धागालेखिका

ताई, तुमचं उत्तर लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, आता तरी रडू नकोस." पहिल्या ठिकाणची तारीख रद्द केली आहे, पूर्ण मणक्याची इमेज बुधवारी आहे.

एकच विचारते. इंजेक्शननंतर दुखण्याची नोंद तासातासाने ठेवायची का, आणि त्या दिवशी तिने पडून राहायचं की एरवी ज्याने कळ येते ते करून बघायचं?

प्रतिसाद २

तासातासाने ठेवा, ० ते १० आकड्यात, वेळेसकट. डॉक्टरांची हरकत नसेल तर पहिल्या काही तासांत तिला उभी करा, जरा मागे वाकू द्या. पडून राहिली तर कळणार काय?