‘धीर’ आणि ‘सबुरी’ एकच का?

प्रश्न: ‘धीर धरा’ आणि ‘सबुरीने घ्या’ यांत फरक आहे का? एकाच्या जागी दुसरा चालेल?

उत्तर: माझ्या मते नाही चालणार. मयताच्या घरी जाऊन कुणी ‘सबुरीने घ्या’ म्हणत नाही, तिथे ‘धीर धरा’च म्हणतात. उलट बांधावरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन भावांना ‘जरा सबुरीने घ्या’ म्हणतात. सबुरी रागाला आणि घाईला आवरते, धीर दुःखाला आणि भीतीला.

‘सबूर’ अरबी ‘सब्र’पासून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मूळ अर्थ सोसणं, भरवसा ठेवून वाट पाहणं. शिर्डीच्या साईबाबांच्या ‘श्रद्धा आणि सबुरी’त तो अर्थ अजून पुरता शाबूत आहे. श्रद्धेशेजारी सबुरी का, तेही त्यातच कळतं. रोजच्या बोलण्यात मात्र तो बराच आक्रसला. ‘सबूर!’ म्हणजे नुसतं ‘थांब!’

‘धीर’ची गोष्ट वेगळी. संस्कृतात ते विशेषण. गीतेतल्या ‘धीरस्तत्र न मुह्यति’मधला धीर म्हणजे विचारी, न डगमगणारा माणूस. त्या गुणाला तिथे ‘धैर्य’ म्हणतात. मराठीने विशेषणाचंच नाम केलं (जुना अर्थ ‘धीरगंभीर’, ‘अधीर’मध्ये उरलाय) आणि त्याला केवढी क्रियापदं जोडली! धीर धरतात, तो सुटतो, खचतो, हळूहळू चेपतो, विचारायचा धीर होत नाही. आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते ‘धीर देणं’. सबुरी ज्याची त्याने राखायची, धीर मात्र एकाकडून दुसऱ्याला मिळतो.

प्रश्न: मग ‘तग धरणे’?

उत्तर: पाऊस लांबला तरी तूर तग धरून असते. जनावर तग धरतं, तापाने फणफणलेला माणूस तग धरतो. त्यात अंगातलं बळ मोजलं जातं. आशेचा, देवावरच्या भरवशाचा तिथे संबंध नाही.

आणखी एक प्रयोग नोंदवतो, ‘धीराला’. आमच्या औसा तालुक्यात तो सर्रास ऐकू येतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. माझी मावशी वाचली. पुढे कित्येक महिने ती पत्र्याच्या शेडमध्येही आत झोपायची नाही, दाराबाहेर बाज टाकायची. शेजारची एक म्हातारी, जिचं स्वतःचं घरात कुणी उरलं नव्हतं, रोज रात्री आपली वाकळ घेऊन यायची आणि म्हणायची, ‘झोप गं, मी हाय धीराला.’

इथे धीर हा मनातला गुण राहिलेला नाही. ते माणूसच आहे, शेजारी येऊन आडवं झालेलं. ‘सोबतीला’ म्हटलं तर हे सगळं त्यात मावत नाही. सोबत रस्त्याने जातानाही होते. ‘सबुरीला’ तर कुणी म्हणतच नाही.

मावशी आता पंच्याहत्तरीची आहे. गावात कुणाकडे वाईट घडलं की अजून विचारते, ‘रातच्याला धीराला कोण हाय तिच्या?’ आणि कुणी नसलं तर वाकळ घडी घालून काखेत मारते.