सायबरपंक २०७७ आज घ्यावा का? माझं मत: घ्यावा

परभणीकर (धागाकर्ता):
या गेमचं नाव काढलं की लोक अजून २०२० चंच बोलतात. १० डिसेंबर २०२० ला तो आला तेव्हा अर्धकच्चा होता, खरंय. गोळी झाडली की पोलीस जमिनीतून उगवल्यासारखे मागं उभे राहायचे. पण सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनं पोलिसांचा पाठलाग, कौशल्यं, शरीरात बसवायची यंत्रं असं सगळं नव्यानं बांधलं. आज मारामारीत खरा दम आहे. नाइट सिटीएवढं जिवंत शहर मी दुसऱ्या गेममध्ये बघितलं नाही. मिशन सोडून नुसतं पायी फिरलं तरी वेळ कसा जातो कळत नाही.

बीडवाला:
भाऊ, सुधारला, पण कुणासाठी? सोनीच्या जुन्या पीएस४ कन्सोलवर २.० आलंच नाही. जुन्या कन्सोलचं शेवटचं मोठं अपडेट १.६. ज्यांच्या मशीनवर तो सगळ्यात वाईट चालला, त्यांनाच दुरुस्त झालेला गेम मिळाला नाही. सोनीनं आठवडाभरात तो स्टोअरवरून काढला, तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. स्टोअरवरून घेणाऱ्यांना पैसे तरी परत मिळाले. मी डिस्क दुकानातून घेतली होती, आणि पाकीट फोडलेली डिस्क आपल्याकडं कोण परत घेतंय? ते पैसे बुडाले. अशा कंपनीला शाबासकी द्यायला माझं मन धजत नाही.

परभणीकर:
तुझा राग रास्त आहे. पण माझा धागा आज घेणाऱ्यासाठी आहे.

लातूरकर:
आज घेणाऱ्यासाठीच सांगतो. सुरुवातीला भटका, गल्लीतला किंवा कंपनीतला, यातलं एक आयुष्य निवडायला लावतात. थोड्याच वेळात तिन्ही वाटा एकाच जागी येतात, पुढं फक्त अधूनमधून संवाद बदलतात. दुसरं, आपल्या पात्राच्या डोक्यातली चिप मेंदू खातेय, हातात थोडे आठवडे उरलेत, आणि फोनवर काम येतं की भरकटलेल्या बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या शोधून आण! हा दोष कुठल्याच अपडेटनं जाणार नाही, तो गोष्टीच्या पायातच आहे.

हिंगोलीची:
दादा, त्या टॅक्स्यांवर अन्याय करताय. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा झालेला असतो. एक तर काठावर जाऊन जीव द्यायला निघालेली असते, तिला बोलून बोलून मागं आणायचं.

(पुढं गोष्ट फुटते, खेळायचं असेल तर वाचू नका.) आपल्या पात्राचा जिवलग मित्र जॅकी गेल्यावर त्याला घरी पाठवलं, तर त्याची आई त्याच्या आठवणीसाठी सगळ्यांना बोलावते. आपण त्याच्या गॅरेजमध्ये जायचं, सामान चाळायचं आणि तिथं ठेवायला एक वस्तू निवडायची. गोळी नाही, घाई नाही. एकेक जण उठून त्याच्याबद्दल बोलतो, आपल्याकडं तेराव्याला बसून बोलतात तसंच. मारधाडीच्या गेममध्ये दुःखाला एवढी जागा दिलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

लातूरकर:
तो भाग मलाही लई लागला. म्हणूनच चीड येते. एवढं लिहू शकणाऱ्यांनी सुरुवातीची निवड पोकळ का ठेवली?

बीडवाला:
आणि खर्चाचं कुणीच बोलेना. २.० पासून साध्या हार्ड डिस्कचा सपोर्ट बंद, एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क पाहिजे. डाउनलोड ७० जीबीच्या आसपास. गावात रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर हा गेम कधी उतरायचा? धाग्यात वर लिही, पीएस४ वाल्यांनी हात लावू नये.

परभणीकर:
लिहितो, तेवढं रास्त आहे. पण एसएसडीवाला पीसी किंवा पीएस५ असेल त्याला मी घेच म्हणणार, तेही सेलमध्ये, फँटम लिबर्टी या वेगळ्या विकत मिळणाऱ्या जोडभागासकट. लातूरकर, तुम्ही ते खेळलात का? तिथं शेवटाकडं साँगबर्ड आणि रीड या दोन पात्रांपैकी कुणाची बाजू घ्यायची, यावर पुढची मिशनच वेगळी होतात.

लातूरकर:
नाही खेळलो. पण एवढ्या फाटाफुटीसाठी वेगळे पैसे का मोजायचे, ते आधी सांग.