आठ गळे, पुरुष दोनच

चर्चच्या गायकवृंदात आठच जण, त्यांत पुरुष दोनच, तरी नाताळला चार आवाजांत गायचंय, असं एकाने विचारलंय. नका करू. टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) आणि बेस (खालचा) एकेकाला दिले की एकाचा घसा बसला तरी सगळं कोसळतं. स्त्रियांचे दोन आणि पुरुषांचा एक, अशी तीन आवाजांची मांडणी घ्या, तीही एखाद्याच गीताला. बाकीची एका सुरात; शेवटच्या कडव्याला फक्त अल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज) जोडा.

खरी गडबड पट्टीत, म्हणजे सा किती उंच धरला त्यात होते. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातलं भजनी चालीचं गीत पेटीवाल्याने पांढरी चारमध्ये (चौथ्या पांढऱ्या पट्टीला सा मानून) धरलं आणि अंतरा वरच्या गंधारावर (ग) गेला की मंडळी गप्प. पांढरी एकमध्ये तोच गंधार आवाक्यात येतो. चाल खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या प पर्यंत) उतरत असेल तर दोन्ही टोकं गाऊन बघा, मगच ठरवा.

गीताला दुसरी इंग्रजी चाल लावताना ओळींची ८-७-८-७ अक्षरं जुळली तरी पुरत नाही. 'दयाळा'तल्या आखूड 'द'वर ठोका पडला तर ती चाल सोडा.

गीतांचे शब्द वाटताना श्रीलिपीतली (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली) जुनी फाइल पाठवू नका, दुसऱ्याच्या मोबाइलवर नुसता चिन्हांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ करा. सोबतच्या शीटमध्ये गीत क्रमांक, पट्टी, ताल, प्रसंग आणि शेवटचं कधी गायलं ती तारीख. प्रत्येक आवाजाचं रेकॉर्डिंग वेगळं.

हक्कांचं म्हणाल तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१९मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क संपलाय, ते खुशाल छापा. नव्या स्वरमांडणीला मात्र परवानगी लागते.