शेक्सपिअर गाव वाचवलं कुणी? माझं मत: गुरांनी

माळरान: अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात लॉर्ड्सबर्गजवळ शेक्सपिअर नावाचं ओसाड गाव आहे. १८७० मध्ये चांदीच्या आशेनं ते वसलं, तेव्हा त्याला बँकर विल्यम रॅल्स्टनचं नाव होतं. चांदीचा गवगवा मोठा, हाती आलं थोडं. १८७९ मध्ये नव्या कंपनीनं बदनाम नाव पुसून शेक्सपिअर ठेवलं. नाटककार शेक्सपिअरच्या गावावरून हॉटेल स्ट्रॅटफर्ड झालं, तिथल्या नदीवरून रस्ता एव्हन. पण रेल्वे लॉर्ड्सबर्गवरून गेली, १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि माणसं निघून गेली. १९३५ मध्ये हिल कुटुंबानं हे गाव गुरांच्या रँचसाठी घेतलं आणि छपरं शाकारत राहिलं. मातीच्या विटांची भिंत छपराइतकीच जगते. खाणवाल्यांनी सोडलेलं गाव गुरं राखणाऱ्यांनी जगवलं, याचं श्रेय त्यांना कुणीच देत नाही.

गारगोटी: मला हे पटत नाही. खाण नसती तर राखायला होतं काय? आणि एका घराच्या जिवावर इतिहास किती दिवस सोडायचा? १९९७च्या आगीत तिथलं जनरल स्टोअर गेलं. कॅलिफोर्नियातलं बोडी हे ओसाड खाणगाव बघा, १९६२ पासून राज्याचं उद्यान आहे. घरं आहेत त्या अवस्थेत राखतात आणि कुणीही जाऊन बघू शकतो.

माळरान: बोडीचंच घ्या. १९३२च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. पुढे राज्य येईपर्यंत तिथली बरीच जमीन ज्यांची होती त्या केन कुटुंबानंच राखणदार ठेवले होते. सरकार पोचलं तेव्हा उरलेलं गाव कुणामुळे उभं होतं?

झरा: तुम्ही दोघंही रिकाम्या जमिनीची गोष्ट सांगताय. गावाचं आधीचं नाव मेक्सिकन स्प्रिंग, म्हणजे पाण्याचा झरा. तो मुलूख तिथल्या मूळ रहिवाशांचा, चिरिकाहुआ अपाचे लोकांचा. कोरड्या प्रदेशात पाणी हीच खरी दौलत. आधी घोडागाड्यांचा थांबा, मग खाण, मग गुरं, सगळे त्याच पाण्यापाशी आले. अपाचे हल्ल्यांच्या कहाण्या सांगतात, पण त्यांना पाण्यावरून हुसकावलं कुणी, ते कुणी सांगत नाही. गावाची तारीख १८७० पासून मोजणं हीच चूक आहे.

माळरान: हे बरोबर आहे. मी सुरुवातच चुकीच्या जागी केली. रँचचं श्रेय मात्र मी मागे घेणार नाही.

गारगोटी: झरा, हे मान्य. पण माळरान, केन कुटुंबाचं बोडीसुद्धा शेवटी राज्याकडेच गेलं ना? एका पिढीनं जपलं, पुढच्या पिढीला जमलं नाही तर काय, याचं उत्तर तुमच्याकडे अजून नाही.